जाताना देसकार, येताना भूप

मागच्या अंकात मी लिहिलं होतं, की गाणाऱ्या-वाजवणाऱ्या माणसाला काही नवं सुचावं म्हणून रजा टाकून कोकणात जाऊन बसायची गरज नाही. रोजच्या धबडग्यात जे कानावर पडतं आणि हाताखाली येतं तेवढ्यावर भागतं. त्यावर बरीच पत्रं आली. काही कौतुकाची, पुष्कळशी 'तुमचं काय जातंय सांगायला' या थाटाची. दुसऱ्या प्रकारची पत्रं मला जास्त आवडतात, म्हणून या वेळी तीच घेतली आहेत. नव्या वाचकांसाठी सांगतो: मी पेटीवाला. साथ करतो, लेहरा धरतो (तबलजी वाजवत असताना पेटीवर एकच ओळ फिरवत ठेवायची, तो लेहरा), शनिवार-रविवार शिकवतो. पोट भरलं ते वीज मंडळाच्या नोकरीवर. आता निवृत्त आहे. त्यामुळे 'वेळच मिळत नाही' या वाक्याशी माझी जुनी ओळख आहे आणि त्याची मला फारशी दया येत नाही.

प्रश्न : मी राहतो कोथरूडला, नोकरी हिंजवडीत. ख्याल शिकतोय. कंपनीच्या बसमध्ये जाऊन-येऊन तीन तास मोडतात. घरी पोचलो की तंबोऱ्याचं अ‍ॅप लावून कसेबसे यमनचे पलटे, म्हणजे स्वरांच्या ठरावीक साखळ्या, घोटतो. नवीन काही म्हणजे काही सुचत नाही. गुरुजी म्हणतात, 'नुसतं घोटू नकोस, विचार कर.' विचार करायचा कधी आणि कशाचा?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : बसमध्ये करायचा, आणि भूपाचा करायचा.

'विचार कर' म्हटलं की शिष्याला वाटतं, आता डोळे मिटून, गंभीर चेहरा करून बसायचं. गाण्यातला विचार म्हणजे निवड. हा स्वर आधी घ्यायचा की तो, इथे थांबायचं की पुढे सरकायचं. त्याला मांडी घालावी लागत नाही आणि आवाजही लागत नाही.

यमन शिकताय म्हणजे भूप झालेला असणार. सा रे ग प ध, पाचच स्वर. हेच पाच देसकारातही आहेत. कागदावर लिहिले तर दोघांत काडीचा फरक दिसत नाही. फरक आहे तो मुक्काम कुठे करायचा याचा. भूपाचा वादी, म्हणजे मुख्य स्वर, गंधार. खालच्या धैवतावरून निघून 'ध सा रे ग' केलं, की गंधारावर टेकल्यावर त्याला बरं वाटतं, आणि वाटेत रिषभही त्याला भरपूर चालतो. देसकाराचं सगळं बिऱ्हाड वर, उत्तरांगात, म्हणजे सप्तकाच्या वरच्या अर्ध्यात. त्याचा वादी धैवत, आणि रिषभाला तो उतरताना जेमतेम शिवून जातो. देसकार सकाळचा, भूप रात्रीच्या पहिल्या प्रहराचा. म्हणजे तुमच्या बसच्या वेळांना दोन्ही राग आयते जुळलेले आहेत.

तेव्हा सकाळी जाताना देसकार, संध्याकाळी परतताना भूप. मनातल्या मनात, ओठ बंद. शेजारच्या सीटवरचा झोपलेला असतो, त्याला उठवू नका. चांदणी चौक येईपर्यंत फक्त धैवत आणि पंचम, खाली उतरायचंच नाही. किती वेळ निभतं बघा. बावधन मागे पडलं की वरच्या षड्जाला हात लावून परत धैवतावर या. गंधार पहिल्यांदा घ्यायचा तो वाकडच्या पुलाशी. तिथे तुम्हाला वेळ भरपूर मिळेल. संध्याकाळी सगळं उलट: गंधार सोडून फार लांब जायचं नाही, आणि धैवत आला तरी त्यावर बसायचं नाही.

सुरुवातीला देसकार म्हणता म्हणता त्याचा भूप होईल. रिषभावर जरा रेंगाळलात की झालाच. तो नेमका कुठल्या जागी होतो ते लक्षात ठेवा आणि गुरुजींकडे तीच जागा घेऊन जा. 'मला सुचत नाही' घेऊन गेलात तर गुरुजी तरी काय बोलणार? 'पंचमावरून गंधारावर येताना माझा देसकार का सुटतो,' असं विचारलंत तर ते तासभर बोलतील.

अजून एक. खंडमेरू हा शब्द कानावरून गेला असेल. तीन स्वरांच्या जागा बदलून 6 वेगवेगळे क्रम होतात, चारांचे 24, पाचांचे 120, सातांचे 5040. ख्यालगायक उस्ताद अमीर खाँ यांच्या आलापीत हा हिशेब किती सुंदर जिरला होता हे त्यांची ध्वनिमुद्रणं ऐकून कळतं. 120 क्रमांची यादी एक्सेल क्षणात काढून देईल, ते तुमच्याच धंद्यातलं काम. पण त्यातला कुठला क्रम भूपाला शोभतो, कुठला देसकाराला आणि कुठला दोघांनाही खटकतो, हे एक्सेल सांगत नाही. तुम्ही ग, प, ध आणि वरचा सा एवढे चारच घ्या. 24 क्रम. प्रत्येकावर बरोबर, चूक किंवा 'बघू' असा शेरा मारत जा. 'बघू'वाले सगळ्यात कामाचे निघतात.

यमनचे पलटे मात्र टाकू नका. ती गळ्याची मजुरी आहे, ती रोज करायची. फक्त मजुरी करताना सुचेल म्हणून वाट बघत बसू नका.

प्रश्न : सर, मी विशारद केलंय. शाळेत शिकवते. घरी सासरे आजारी असतात, पलीकडच्याच खोलीत. आवाज काढता येत नाही. संध्याकाळी स्वयंपाकघर तेवढं माझ्या एकटीचं असतं. तिथे काम करता करता रियाज होईल का? पूर्वी पांढरी पाचमध्ये, म्हणजे पेटीची पाचवी पांढरी पट्टी षड्ज धरून, गात असे.
– एक वाचक, बिबवेवाडी

उत्तर : नाही होणार, ताई. स्वयंपाक करता करता रियाज होतो असं जो सांगतो त्याने एक तर पोळ्या केलेल्या नसतात, नाही तर रियाज केलेला नसतो. दोन्हीला पूर्ण लक्ष लागतं. पण त्या खोलीत दुसऱ्या दोन गोष्टी होऊ शकतात, आणि दोन्ही गाण्याच्याच आहेत.

पहिली गोष्ट माझ्या नोकरीतली. तुमचा फ्रिज जुना, म्हणजे बिनइन्व्हर्टरचा असेल, तर तो मधूनमधून घुमतो. सोसायटीच्या गेटशी ट्रान्सफॉर्मर असेल तर तोही रात्री ऐकू येतो. आपल्याकडे विजेचा प्रवाह सेकंदाला 50 आवर्तनं करतो. प्रत्येक आवर्तनात आतला लोखंडी गाभा दोनदा बारीकसा ताणला जातो, म्हणून जो घुमारा येतो तो सेकंदाला 100 कंपनांचा. खर्जातली, म्हणजे खालच्या सप्तकातली, पांढरी पाच 98 कंपनांची. म्हणजे तुमच्या ओट्याशेजारी तुमचाच षड्ज, केसभर चढा, फुकट चालू आहे. एवढ्यावर थांबत नाही. त्या घुमाऱ्यात 100च्या पटीतली कंपनंही मिसळलेली असतात. तिप्पट म्हणजे 300, तो पंचम. पाचपट म्हणजे 500, तो गंधार. तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून स्वयंभू गंधार निघतो तो याच हिशेबाने. आयुष्यभर ट्रान्सफॉर्मरच्या सान्निध्यात काढलेल्या माणसाचा शब्द आहे, त्याची आस, म्हणजे रेंगाळणारा नाद, तंबोऱ्याइतकी गोड नसते. पण सुराला पक्की असते.

रात्री सगळं आवरलं, की दोन मिनिटं उभं राहून तो घुमारा ऐका. मग ओठ मिटून, नाकातून, अगदी हळू पंचम लावा. पलीकडच्या खोलीत काही जाणार नाही. पंचम लागला की गंधार. हा गंधार पेटीवर पडताळून बघू नका. बाजारच्या पेटीतला गंधार नैसर्गिक गंधाराहून थोडा चढाच असतो. पेटीवालाच सांगतोय म्हटल्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

दुसरी गोष्ट लयीची, ती मात्र खुशाल कणीक मळताना करा. वाण्याची यादी घ्या. तूप, साखर, मीठ, बटाटे. एका अक्षराला एक मात्रा धरून म्हणा: तू-प, सा-ख-र, मी-ठ, ब-टा-टे. दोन, तीन, दोन, तीन. झाला झपताल, दहा मात्रांचा. धी ना, धी धी ना, ती ना, धी धी ना. खाली, म्हणजे टाळीऐवजी हात मोकळा सोडायची मात्रा, कुठे येते? बरोबर मिठावर. आता बटाटे कॅन्सल करा आणि साखर पुढे आणा: सा-ख-र, तू-प, मी-ठ. तीन, दोन, दोन, म्हणजे रूपक. आणि रूपकात समेवरच, म्हणजे पहिल्याच मात्रेवर, खाली असल्यामुळे साखर आता वेगळीच पडते. यादीत 'कोथिंबीर' आली की पंचाईत होते. चार अक्षरं, शिवाय 'थिं' आणि 'बी' दोन्ही लांबणारी. तिला दहा मात्रांत बसवायची तर कुणाला तरी आखडावं लागतं. कुणाला, हे ठरवणं म्हणजे बंदिश बांधणं. विशारदच्या पेपरात ज्याची नुसती व्याख्या लिहिली असेल ते हे.

आणि कामात गाणं रचण्याला आपल्याकडे बायकांचीच परंपरा आहे, मी नवं काही सांगत नाही. पुण्यातच हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या ओव्या जमवल्या. लाखाहून अधिक ओव्या आहेत त्या. जात्याची घरघर हा षड्ज, हाताचा फेरा ही लय, आणि शब्द त्या दिवसाचे: माहेर, भाऊ, पाऊस, सासू. त्यांतल्या कुणालाही रियाजाला वेगळी खोली नव्हती. आता हे तुमच्या तोंडावर टाकून मी गप्प बसतोय असं नाही. तुम्हाला खोली मिळायलाच हवी. आठवड्यातून एक तास सासऱ्यांपाशी कुणी तरी बसेल आणि तुम्ही मोकळ्या आवाजात गाल, एवढं घरच्यांकडून मागून घ्या. ओठ मिटून कान तयार होतो, गळा नाही.

प्रश्न : निवृत्त झालो. हौस म्हणून पेटी वाजवतो. चाळीस हजारांचा एक कीबोर्ड पाहिला आहे, त्यात शेकडो वाद्यांचे आवाज आहेत. त्याने सर्जनशीलता वाढेल का?
– एक वाचक, औंध

उत्तर : घ्या की, पैसे तुमचे आहेत आणि नातवंडं खूश होतील. पहिला आठवडा सगळे आवाज ऐकण्यात जाईल, दुसरा आठवडा त्यातला पेटीचा आवाज शोधण्यात. त्याआधी घरच्या पेटीचा भाता गळतो का ते बघा. सगळे खटके बंद करून, एकही पट्टी न दाबता भाता भरा. तो आपला आपण भराभर मिटत गेला तर हवा कुठून तरी पळतेय. दुरुस्तीला कीबोर्डच्या किमतीचा बारीकसा तुकडा लागेल. भाता धरायला लागला की एकच स्वर हळू, जोरात, परत हळू असा वाजवून बघा. शेकडो आवाज त्यातच आहेत असं म्हणणार नाही, पण सात-आठ नक्की निघतील.

प्रश्न : सर, मी वीस वर्षांचा आहे. पेटी शिकतो. तबल्याच्या क्लासमध्ये मला लेहरा धरायला बसवतात. तासन् तास एकच ओळ. मित्र म्हणतात, हे काम अ‍ॅप करतं, तू कशाला? मला खरंच कळत नाही, यात माझं असं काय आहे? तुम्हाला कंटाळा येत नाही का?
– एक विद्यार्थी, धनकवडी

उत्तर : मित्रांचं अगदी बरोबर आहे. लय धरायचं काम अ‍ॅप तुझ्यापेक्षा चांगलं करतं. चहा मागत नाही, पाय अवघडले म्हणून बैठक मोडत नाही. तेव्हा एकसारखं वाजवण्यात तुझं काहीच नाही, हे मान्य करून टाकू. तुझं जे काय आहे ते एकसारखं न वाजवण्यात. आणि तरी ओळ तीच राहायला हवी, ही अट.

मी बहुतेक वेळा चंद्रकंसाचा लेहरा धरतो, तीनतालात. मालकंसातला कोमल निषाद काढून शुद्ध लावला की चंद्रकंस. एवढा एक स्वर बदलला की अख्खी ओळ वरच्या षड्जाकडे ओढ घेते. माझ्या ओळीत हा निषाद समेच्या अगदी अलीकडे येतो. आता सोळा मात्रांतल्या बाकीच्या तू विसर, या निषादाकडे बघ.

तबलजीचा पेशकार, म्हणजे सुरुवातीचा संथ विस्तार, चालू आहे, लय विलंबित. निषाद पूर्ण मात्राभर धरता येतो. धरताना भाता आधी सैल ठेवायचा आणि समेच्या तोंडाशी दाब वाढवत न्यायचा. तबलजीला सम हातात आणून दिल्यासारखी वाटते. कायदा, म्हणजे ठरल्या बोलांचा विस्तार, सुरू झाला की तोच निषाद अर्ध्यावर सोडायचा. जी फट पडते तिच्यातून चाटेचे, म्हणजे तबल्याच्या काठावरचे, बोल स्वच्छ बाहेर येतात. रेल्यात, म्हणजे भराभर धावणाऱ्या बोलांत, लय चढलेली असते, तिथे स्वर धरून ठेवलास तर सगळं गढूळ होईल, म्हणून बोट टाकलं की उचललं. आणि चक्रदाराचा, म्हणजे तीनदा म्हणून समेवर येणाऱ्या तुकड्याचा, तिसरा पल्ला आला की भाता जवळजवळ सोडूनच द्यायचा, ओळ चालू आहे एवढंच कळावं. सम तबल्याची आहे. पेटीने तिथे आधी जाऊन उभं राहायचं नसतं. अ‍ॅपला हे कळत नाही, कारण ते तबला ऐकत नाही.

तू ऐकतोस का, हा पुढचा प्रश्न. क्लासमध्ये बसलास की एक दिवस फक्त डग्गा ऐक. कुठे घुमतो, कुठे दाबलेला आहे. दुसऱ्या दिवशी फक्त चाट. मग शाई, म्हणजे मधला काळा भाग, आणि लव, म्हणजे शाई आणि चाट यांमधली जागा. तबलजी गरम झाला की लय पुढे रेटतो. तेव्हा डग्गा आधी आखूड होतो, चाट नंतर पळते. डग्ग्याकडे कान असला तर तुला दोन आवर्तनं आधी कळतं की हा आता पळणार. मग त्याला धरून ठेवायचं का थोडं जाऊ द्यायचं, हे तू ठरवतोस. मी थोडं जाऊ देतो. भिंतीसारखा लेहरा मला आवडत नाही, पण भिंतीच्याच बाजूचे जाणते लोक पुण्यात पुष्कळ आहेत आणि त्यांचंही चुकतं असं नाही.

आता हाताचं. पेटीत मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, नाही. पट्टी दाबली की स्वर, सोडली की शांतता. मुख्यतः हाच दोष दाखवून आकाशवाणीने 1940 साली पेटीला दार लावून घेतलं. 1971 मध्ये ते थोडं किलकिलं झालं. बंदी रेडिओपुरती होती, मैफलींत पेटी चालूच राहिली, आणि वाजवणाऱ्यांनी त्या उणिवेवर तोडगे काढले. त्यातला एक करून बघ. निषादावरून षड्जाला जाताना निषादाची पट्टी सुटायच्या आत षड्जाची दाब. निमिषभर दोन्ही सूर एकत्र बोलतात. नेमका त्याच क्षणी भाता हलका कर. जमलं तर कानाला वाटतं, स्वर घसरत गेला. भाता हलका केला नाहीस तर दोन सुरांची नुसती टक्कर ऐकू येते आणि तबलजी मान वर करून बघतो. हे साधायला महिने जातात. आणि पूर्ण संगीतात लेहरा ही एकच जागा अशी आहे जिथे हीच एक गोष्ट एका बैठकीत शेकडो वेळा करायला मिळते, समोर श्रोते असतात, आणि त्यांतला एकही तुझ्याकडे बघत नसतो. यापेक्षा मोठी चैन कुठली?

डिसेंबरात सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवाला जातच असशील. 1953 पासून तिथे ऐकायला येणाऱ्यांच्या पिढ्या झाल्या, सगळ्यांचे डोळे गायकाकडे. तू एका संध्याकाळी गायकाकडे बघूच नकोस. पेटीवाल्याकडे बघ, आणि तो काय वाजवतो त्यापेक्षा काय वाजवत नाही ते बघ. गायकाने तान घेतली आणि पेटीवाला मध्येच एका स्वरावर थांबून राहिला, तर का थांबला? हात चालेना म्हणून नव्हे. चांगल्या साथीदाराने तिथे काहीतरी गायकासाठी मोकळं सोडलेलं असतं. घरी आल्यावर तेवढी एक जागा पेटीवर काढून बघ.

कंटाळ्याचं म्हणशील, तर येतो. ज्या दिवशी ऐकणं थांबतं त्या दिवशी दहाव्या मिनिटाला येतो.

प्रश्न : मी शाळेतल्या मुलांसाठी कवितांना चाली लावते. दर वेळी कुणीतरी म्हणतं, 'ही अमक्या गाण्यासारखी वाटते.' मग चाल फेकून देते. माझं स्वतःचं असं काही निघतच नाही. काय करू?
– एक शिक्षिका, सिंहगड रस्ता

उत्तर : फेकू नका. फेकायचंच असेल तर धृपद, म्हणजे परत परत येणारी सुरुवातीची ओळ, फेका. दुसऱ्याचं जे उतरतं ते बहुतेक पहिल्या ओळीच्या पहिल्या चार स्वरांत असतं, कारण ते आपल्याला 'सुचलेलं' नसतं, आठवलेलं असतं. तुम्ही कडव्यापासून चाल लावायला सुरुवात करा आणि धृपद शेवटी, कडवं जिथे आणून सोडेल तिथून. पुष्कळ वेळा तेवढ्याने ओळख पुसली जाते.

आणि एवढं घाबरायचं कारण नाही. 1880 साली याच पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'शाकुंतल' रंगभूमीवर आणलं तेव्हा त्यातल्या पदांना साकी, दिंडी, लावणी, कर्नाटकी अशा लोकांच्या तोंडी असलेल्याच चाली होत्या. 1911 च्या 'मानापमान'ला आमच्या पंथातले, म्हणजे पेटीवाले, गोविंदराव टेंबे यांनी चाली दिल्या, त्यांत उत्तरेकडच्या ठुमरी-दादऱ्याचा ढंग आणला. 1916 च्या 'स्वयंवर'ला भास्करबुवा बखल्यांनी ख्यालाच्या बंदिशींवरून चाली बांधल्या. ज्यांनी भारत गायन समाज काढला तेच भास्करबुवा. माल बाहेरचा, पण मराठी शब्दाच्या वजनाला बसवताना त्यात जो फेरफार करावा लागला तो त्यांचा स्वतःचा.

कुमार गंधर्वांचं उदाहरण याहून पुढचं. क्षयामुळे देवासला येऊन राहिले, गाणं कित्येक वर्षं बंद. त्या काळात माळव्याची लोकगीतं कानावर पडत राहिली, ती ते ऐकत राहिले. पुढे त्यांतून मालवती, संजारी, लगनगंधार, मधसुरजा असे राग निघाले. धुनउगम राग म्हणत त्यांना. धून जशीच्या तशी उचलली नाही. त्या धुनेत कुठला स्वर कुठल्या स्वराला खेचतो, हे पकडलं आणि तेवढंच वाढवलं.

आपण कुमार गंधर्व नाही, पण हा उद्योग शाळेतल्या मुलांबरोबरही करता येतो. सिंहगड रस्त्याला भाजीच्या हातगाड्यांना तोटा नाही. एका हाकेचे स्वर मुलांना ओळखायला लावा. बहुतेक हाका दोन-तीन स्वरांत असतात, शेवटचं अक्षर ओढून वर नेलेलं किंवा एकदम खाली सोडलेलं. मेथीची हाक आणि भंगारवाल्याची हाक यांत शेवट कसा वेगळा होतो ते फळ्यावर लिहा. मग मुलांना सांगा, या तीनच स्वरांत कवितेची पहिली ओळ बसवा. तीस मुलं असतील तर बऱ्याच चाली वाईट निघतील, दोन-तीन अशा निघतील की तुम्ही घरी गेल्यावर गुणगुणाल. स्पीकरवर रेकॉर्ड लावून फिरणारे भंगारवाले मात्र सोडून द्या. ती हाक नव्हे, तो छळ आहे.

प्रश्न : काका, मी ढोल-ताशा पथकात आहे. तबलाही शिकतो. तबल्याचे सर म्हणतात, ढोलाने हात बिघडतो आणि त्यात संगीत काही नसतं. सोडू का?
– एक वाचक, नऱ्हे

उत्तर : हाताबद्दल तुझ्या सरांचं ऐक, तो त्यांचा प्रांत. टिपरू, म्हणजे ढोलाची काठी, धरून मनगट आखडलं असेल तर त्याच दिवशी तबल्यावर जोर लावू नकोस, एवढं मलाही कळतं. पण 'संगीत काही नसतं' हे मला पटलेलं नाही. नदीपात्रात सरावाला उभा राहशील तेव्हा ताशाकडे कान दे. ढोल एकाच ठोक्यावर चालू असताना ताशेवाला तर्री, म्हणजे काड्यांचा झरझर भरणा, कुठे भरतो, किती भरतो आणि ढोलांना पुढच्या ठोक्यावर कसा नेतो? ते सगळं तिथल्या तिथे ठरतं. तू ढोल वाजवतोस म्हणजे माझ्याच जातीचा: एकच ओळ धरणारा. वरच्या धनकवडीच्या पत्राचं उत्तर तूही वाच.

आषाढी वारीत पालख्या पुण्यात मुक्कामाला असतात, तेव्हा नाना पेठेत निवडुंग्या विठोबापाशी आणि भवानी पेठेत पालखी विठोबापाशी जाऊन उभा राहा. मृदंगावरचा भजनी ठेका ऐक, आठ मात्रांचा. तो बसून ऐकताना वेगळा लागतो आणि दिंडी चालायला लागली की वेगळा, कारण पावलांना जागा द्यावी लागते. घरी येऊन तो तबल्यावर वाजव आणि सरांना ऐकव. मग त्यांचं मत विचार.

आणि पथकात आहेस तोवर कानात इअरप्लग घालत जा. फोमचे, मेडिकलमध्ये स्वस्तात मिळतात. पोरं हसतील. कापसाने काम होत नाही.